थंडीत सुरू न होणारा जुना डिझेल ट्रक : हीटर प्लग बदलण्यापूर्वी निदान

डिसेंबर आणि जानेवारी या दोन महिन्यांत विस्तार कार्यकर्त्यांकडून आमच्या कीटकशास्त्र विभागाकडे येणारे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. हरभऱ्यावरील घाटेअळी, आंब्याच्या मोहोरावरील तुडतुडे, कांद्यावरील फुलकिडे. परंतु या प्रश्नांच्या शेवटी आणखी एक प्रश्न हमखास जोडलेला असतो : पहाटे गाडी सुरू होत नाही, काय करावे? प्रकाश सापळ्यातील पतंग उजाडण्यापूर्वी गोळा करावे लागतात, भाजीपाल्याचा लिलाव सकाळी लवकर असतो आणि जुने डिझेल वाहन नेमके याच वेळी हट्ट धरते. कीटकशास्त्रज्ञाने इंजिनावर लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. मात्र लक्षण पाहून कारण शोधणे, आणि कारण निश्चित झाल्याशिवाय खर्च न करणे, हे आमच्या शास्त्राचे रोजचे काम आहे. सर्वेक्षणासाठी वर्षानुवर्षे जुन्या डिझेल वाहनांतून फिरावे लागल्यामुळे हा विषय हाताखालून बराच गेला आहे.

या विषयाला सध्या आणखी एक कारण आहे, आणि त्याचा उगम दिल्लीतील कोपर्निकस मार्गावर आहे. मंडी हाउस ते इंडिया गेट या लहानशा रस्त्यावरील जुने महाराष्ट्र सदन कामानिमित्त दिल्लीला जाणाऱ्या अनेक वाचकांना ठाऊक असेल. त्याच रस्त्यावर फरीदकोट हाउसमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ आहे. या न्यायाधिकरणाने ७ एप्रिल २०१५ रोजी दहा वर्षांहून जुनी डिझेल वाहने दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या रस्त्यांवर चालवण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी या आदेशाच्या अंमलबजावणीचे निर्देश दिले. पुढे १२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच न्यायालयाने अशा वाहनांच्या मालकांवर केवळ वाहनाच्या वयावरून सक्तीची कारवाई करू नये असेही सांगितले. अंमलबजावणीचे तपशील बदलत राहिले असल्याने दिल्लीकडे माल पाठवणाऱ्यांनी त्या-त्या वेळचा नियम पाहूनच गाडी काढावी. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा परिणाम वेगळाच आहे. तेथे चालवता न येणारी वाहने ना हरकत प्रमाणपत्र घेऊन अन्य राज्यांत विकता येतात. दहा-अकरा वर्षांचा, दिसायला ठीक, किमतीला स्वस्त असा पिकअप किंवा छोटा ट्रक शेतकऱ्यापुढे येतो तेव्हा त्याची थंडीतली पहिली सुरुवात कशी होते, हा प्रश्न खरेदीच्या व्यवहाराइतकाच महत्त्वाचा ठरतो.

थंड इंजिनाला बाहेरून उष्णता का लागते

पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, डिझेल इंजिनात नसते. पिस्टनने हवा दाबली की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. वीस पट दाब देणाऱ्या इंजिनात ५ अंश सेल्सिअसची हवा घेतली आणि दाबताना तिची उष्णता कोठेही गेली नाही असे धरले, तर गणिताने तिचे तापमान सुमारे ६५० अंशांपर्यंत पोहोचते. प्रत्यक्षात थंड सिलिंडरच्या भिंती ती उष्णता शोषून घेतात, झिजलेल्या रिंगांच्या फटींतून थोडी हवा निसटते आणि बॅटरी मंद असेल तर इंजिन हळू फिरल्याने या दोन्ही गळतींना अधिक वेळ मिळतो. अशा वेळी हवेचे तापमान वरील आकड्याच्या निम्म्यापर्यंत घसरू शकते. उघड्या हवेत डिझेल साधारण २१० ते २५० अंशांच्या आसपास स्वतःहून पेट घेते हे खरे, पण तेथे वाट पाहायला वेळ असतो. सिलिंडरमध्ये फवारा पडल्यापासून काही सहस्रांश सेकंदांतच पेट घ्यावा लागतो, म्हणून कितीतरी अधिक तापमान हवे.

ही उणीव भरून काढण्यासाठी काही इंजिनांत प्रत्येक सिलिंडरमागे एक विजेवर तापणारी कांडी बसवलेली असते. पुस्तकात तिला ग्लो प्लग म्हणतात. गॅरेजमध्ये मात्र सर्वत्र हीटर प्लग हाच शब्द चालतो आणि येथेही तोच वापरला आहे.

निसर्गात याचे एक सुंदर उदाहरण आहे. तिळाची पाने फस्त करणारी मोठी, शेपटीला काटा असलेली अळी आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. तिचा पतंग, म्हणजे ॲचेरोंशिया स्टिक्स, ज्या कुळातला आहे त्या कुळातील पतंग गार रात्री बसल्या जागेवरून एकदम उडू शकत नाहीत. उडण्याचे स्नायू ठरावीक तापमानाच्या खाली पुरेसे वेगाने काम करत नाहीत. म्हणून पतंग आधी पंख न उघडता थरथरवतो आणि वक्षाचे तापमान सुमारे ३५ अंशांच्या घरात गेल्यावरच झेप घेतो. अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ बर्न्ड हाइनरिख यांनी या पूर्वतापनाचा सविस्तर अभ्यास केला. रात्र जितकी गार तितका थरथरण्याचा काळ लांबतो. हीटर प्लगच्या दिव्याकडे पाहत थांबण्याचा काळही तसाच लांबावा लागतो. घाईत चावी पुढे फिरवणारे चालक हे विसरतात.

आपल्या गाडीत हीटर प्लग आहे का?

हा प्रश्न आधी विचारणे आवश्यक आहे, कारण अनेक मोठ्या ट्रकांत आणि बहुसंख्य ट्रॅक्टरांत हा भाग नसतोच. त्या इंजिनांत डिझेलचा फवारा थेट पिस्टनच्या माथ्यावरील खोलगट भागात पडतो. तेथे उष्णता वाया जाण्यास पृष्ठभाग कमी असतो, त्यामुळे आपल्याकडील थंडीत ती प्लगशिवाय सुरू होतात. काही ट्रॅक्टरांत हवेच्या वाटेत छोटी ज्योत पेटवून हवा गरम करणारी यंत्रणा असते, तिची तपासणी वेगळी आहे. जुन्या जीप, पिकअप आणि छोट्या ट्रकांतील कित्येक इंजिनांत मात्र हेडमध्ये एक लहान पूर्वकक्ष असतो. फवारा प्रथम त्या कक्षात पडतो, कक्षाच्या थंड भिंती उष्णता खातात आणि म्हणून हीटर प्लग तेथे अपरिहार्य होतो. चावीच्या पहिल्या टप्प्यावर डॅशबोर्डवर वेटोळ्याच्या चिन्हाचा पिवळा दिवा लागत असेल, किंवा नोझलच्या शेजारी हेडमध्ये बसवलेल्या कांड्या एका धातूच्या पट्टीने जोडलेल्या दिसत असतील, तर आपल्या गाडीत हीटर प्लग आहेत असे समजावे.

या प्लगांचे दोन प्रकार आढळतात. फार जुन्या गाड्यांत उघड्या जाड तारेच्या वेटोळ्याचे प्लग एकामागून एक अशा माळेत जोडलेले असत. दिवाळीच्या जुन्या दिव्यांच्या माळेप्रमाणे त्यातील एक गेला की सगळे बंद पडत. नंतरच्या गाड्यांत पेन्सिलीसारखे, नळीत बंद असलेले प्लग आले. यांत वेटोळे मॅग्नेशियम ऑक्साइडच्या घट्ट भुकटीत गाडलेले असते, प्रत्येक प्लगला पट्टीवरून स्वतंत्र वीज मिळते आणि टोक ८५० अंशांच्या आसपास तापते. यातील एखादा गेला तरी बाकीचे काम करतात. त्यामुळे बिघाड एकदम कळत नाही, हळूहळू वाढतो. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या सेलला सुरू होणारी गाडी जानेवारीत दहाव्या सेललाही दाद देत नाही. मालकाला वाटते की थंडी वाढली. थंडी वाढलेली असतेच, पण दोन प्लग ऑक्टोबरातच गेलेले असतात.

धूर वाचायला शिकावे

कपाशीची पाने लाल झाली की शेतकरी फवारणीला धावतो. पाने लाल होण्याचे कारण तुडतुडे असू शकतात, मॅग्नेशियमची कमतरता असू शकते, किंवा बोंडे भरण्याच्या काळात रात्रीचे तापमान एकदम उतरणे हेही असू शकते. या शेवटच्या दोन कारणांवर कोणतेही कीटकनाशक उपयोगी पडत नाही. पान उलटून तुडतुड्यांची पिल्ले मोजल्याशिवाय यातील फरक कळत नाही. सुरू न होणाऱ्या डिझेल गाडीतही पान उलटून पाहण्याची जागा आहे, ती म्हणजे सायलेन्सरचे तोंड. एकाने सेल मारावा आणि दुसऱ्याने मागे उभे राहून पाहावे. बहुतेक जण दोघेही बोनेटपाशी उभे असतात.

सेल मारताना दाट पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास येणारा धूर निघत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे पण पेटत नाही, असा त्याचा अर्थ. येथे संशय उष्णतेवर : हीटर प्लग, मंद बॅटरी, कमी झालेले कॉम्प्रेशन, किंवा मागे पडलेले पंपाचे टायमिंग. धूर अजिबात निघत नसेल तर डिझेलच पोहोचत नाही, आणि अशा गाडीचे प्लग बदलणे म्हणजे पिकाला पाणी नसताना औषध फवारणे होय. इंजिन सुरू होऊन अर्धा-एक मिनिट एक-दोन सिलिंडरवर अडखळत चालले, पांढरा धूर टाकला आणि मग सुरळीत झाले, तर काही प्लग गेले आहेत याची ही जवळजवळ खात्रीची खूण आहे. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो आणि काळा धूर हवेच्या मानाने डिझेल जास्त असल्याचे. या दोहोंचा हीटर प्लगशी संबंध नाही.

आणखी एक खूण लक्षात ठेवावी. तीच गाडी दुपारी, इंजिन गरम असताना अर्ध्या सेलला सुरू होत असेल तर डिझेल पुरवठा आणि कॉम्प्रेशन साधारण ठीक आहेत आणि शोध प्लगच्या बाजूला वळवावा. दुपारीही त्रास देत असेल तर प्लगला दोष देण्यापूर्वी थांबावे.

वीज कोठपर्यंत येते?

तपासणीला सुरुवात बॅटरीपासूनच करावी. चार प्लग मिळून पहिल्या काही सेकंदांत साठ ॲम्पिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढतात, तापल्यावर तो कमी होतो. त्यानंतर लगेच स्टार्टर त्याच्या कितीतरी पट प्रवाह मागतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली समजावी. १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. सेल मारताना हा आकडा साडेनऊच्या खाली जात असेल तर प्लग कितीही नवे असले तरी उपयोग नाही, कारण इंजिन पुरेशा वेगाने फिरणारच नाही. टर्मिनलवरील पांढरी-हिरवी बुरशीसारखी साय गरम पाण्याने धुऊन काढावी. बॅटरीपासून इंजिनला आणि चेसिसला येणारी अर्थची पट्टी सुटी किंवा गंजलेली आहे का ते हाताने हलवून पाहावे. आमच्या सर्वेक्षणाच्या एका पिकअपमध्ये एका गॅरेजने चारही प्लग बदलले आणि पुढच्याच पहाटे गाडी पुन्हा अडली. दोष इंजिनच्या अर्थच्या पट्टीत होता, तिच्या खाली रंग आणि गंज यांचा थर साचला होता. पॉलिश पेपर आणि एक पाना एवढ्यावर काम झाले.

बॅटरी ठीक असल्यास मल्टिमीटरची काळी तार इंजिनच्या स्वच्छ धातूवर आणि लाल तार प्लगांच्या पट्टीवर ठेवावी. दुसऱ्या माणसाने चावी हीटरच्या टप्प्यावर फिरवावी. पट्टीवरील व्होल्टेज त्याच क्षणीच्या बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा फार तर अर्धा ते एक व्होल्ट कमी असावे. काहीच येत नसेल तर फ्यूज पाहावा. हा फ्यूज नेहमीच्या फ्यूजांच्या पेटीत नसून अनेकदा बॅटरीजवळ पट्टीच्या स्वरूपात वेगळा असतो. तो शाबूत असेल तर रिले पाहावा. चावी फिरवताच रिलेचा 'टक' असा आवाज आला म्हणजे तो चांगला आहे असे समजू नये. आवाज आतल्या चुंबकाचा असतो, वीज जाते ती संपर्काच्या ठिपक्यांतून, आणि ते जळलेले असू शकतात. म्हणून हीटर चालू असताना रिलेच्या जाड तारेच्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटर लावावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला तर रिले बदलावा. डॅशबोर्डवरील दिव्यावरही विसंबू नये. बहुतेक जुन्या गाड्यांत तो दिवा केवळ ठरावीक सेकंद मोजतो. प्लग तापले की नाही हे त्याला कळत नाही.

पट्टीवर पूर्ण वीज येते हे सिद्ध झाले, तरच प्लगांकडे वळावे. पट्टीचे नट सोडून ती बाजूला करावी, कारण पट्टी जोडलेली असताना एका प्लगची मोजणी चारांची होऊन बसते. ब्रेकच्या दिव्याचा साधा १२ व्होल्टचा बल्ब घेऊन त्याची एक तार बॅटरीच्या धन टोकाला जोडावी आणि दुसरी प्रत्येक प्लगच्या टोकाला आळीपाळीने लावावी. बल्ब पेटला तर आतील वेटोळे अखंड आहे. न पेटल्यास तो प्लग गेला. खेड्यात कोठेही करता येईल अशी ही चाचणी आहे आणि नऊ-दहा वेळा पुरेशी ठरते. मल्टिमीटरने रोध मोजल्यास १२ व्होल्टच्या थंड प्लगचा रोध साधारण अर्धा ते दीड ओहम येतो. मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध, दोन्ही टोके एकमेकांना लावून, आधी मोजून वजा करावा, अन्यथा चांगला प्लगही वाईट वाटतो. निव्वळ आकड्यापेक्षा चारांची तुलना अधिक बोलकी असते. तीन प्लग ०.८ दाखवत असतील आणि चौथा ३ दाखवत असेल, तर तो बल्ब पेटवील, पण पहाटे तापणार नाही.

प्लग काढताना

येथे घाई महागात पडते. प्लगच्या टोकाभोवती वर्षानुवर्षे काजळी साचलेली असते, टोक फुगलेले असू शकते, आणि जोर लावला की ते तुटून सिलिंडरमध्ये पडते. मग हेड उतरवण्याशिवाय गत्यंतर नाही. काढण्यापूर्वी इंजिन सुरू होत असेल तर ते गरम करून घ्यावे, आट्यांवर गंज सोडवणारे तेल टाकून थांबावे, आणि पाना थोडा सोडवणे, थोडा आवळणे असा पुढे-मागे फिरवत काढावे. भोवतालची धूळ आधी फुंकून घ्यावी. त्या भोकातून पडलेला खडा थेट पिस्टनवर जातो.

काढलेल्या प्लगचे टोक नीट पाहावे, कारण ते आतली हकिगत सांगते. टोक करडे आणि अखंड असेल तर प्लग वयाने गेला. टोक वितळलेले, कुरतडल्यासारखे किंवा एका बाजूने जळालेले असेल, तर दोष बहुधा त्या सिलिंडरच्या नोझलमध्ये आहे. नोझल फवारा न करता थेंब गाळत असेल, किंवा टायमिंग पुढे गेले असेल, तर ज्वाला नेमकी प्लगवर आपटते. अशा ठिकाणी नवा प्लग बसवला तर तोही काही आठवड्यांत जळतो आणि मालक प्लगच्या कंपनीला नावे ठेवतो. एकाच सिलिंडरचा प्लग दुसऱ्यांदा गेला की नोझल तपासणीला पाठवावे, हा नियमच करून घ्यावा.

नवा प्लग घेताना त्यावर कोरलेले व्होल्टेज जुन्याशी ताडून पाहावे. १२ व्होल्टच्या गाडीच्या अनेक प्लगांवर ११ असा आकडा असतो, त्यात चूक काही नाही. परंतु माळेत जोडायच्या जुन्या प्रकारचा, एक-दीड व्होल्टचा प्लग सरळ बारा व्होल्टवर लावल्यास तो क्षणात जळतो. लांबी वेगळी असलेला प्लग आट्यांत बसतो म्हणून बसवू नये, त्याचे टोक फवाऱ्याच्या आड येते. आवळताना हात राखावा. वरचा लहान नट तर विशेष बेताने, कारण तो पिळला की आतली जोडणीच तुटते.

वाहनातील कीटक

माझ्या विषयाला धरून थोडे. पावसाळ्यानंतर बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत कुंभारीण माशी बारीक नळ्यांची तोंडे ओल्या मातीने बुजवते. त्यात ती लुळे केलेले कोळी किंवा अळ्या साठवून अंडी घालते. डिझेल टाकीची हवा घेणारी बारीक नळी तिला विशेष सोयीची पडते. ही नळी बुजली की गाडी सुरू होते, थोडी चालते आणि टाकीत पोकळी निर्माण होऊन बंद पडते. टाकीचे झाकण सैल करताच 'फुस्स' असा हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी पुन्हा चालू लागली, तर दोष तेथेच आहे. हे थट्टेवारी नेण्यासारखे नाही. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकाजवळ १८९ जणांसह समुद्रात कोसळलेल्या विमानाच्या अपघातात वेग मोजणारी नळी अशाच माशीच्या घरट्याने बुजली असावी, असा तपास करणाऱ्यांचा अंदाज होता.

मुंग्यांचा उपद्रव रिलेत होतो. संपर्काच्या ठिपक्यांमध्ये सापडून विजेच्या धक्क्याने मरणारी मुंगी धोक्याचा गंध सोडते, त्या गंधाने आणखी मुंग्या येतात आणि मेलेल्या मुंग्यांचा थर संपर्क तोडतो. झाकण उघडून कोरड्या ब्रशने साफ करावे. रिलेवर कीटकनाशक फवारू नये. त्यातील द्रावक प्लास्टिक खराब करतो आणि ते पेटण्याचीही भीती असते.

डिझेल, हवा आणि मेण

धूरच येत नसेल तर शोध टाकीपासून सुरू करावा. पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरच्या तळाचा नट सोडून साचलेले पाणी काढावे, हातपंप मारून एअर काढावी, परतीच्या नळ्यांना आणि जोडांना कोठे डिझेलचा ओलावा आहे का ते पाहावे. जेथून थांबलेल्या गाडीत डिझेल पाझरते तेथूनच रात्री हवा आत शिरते.

उत्तरेकडे जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात आणि थंडीत ते गोठून फिल्टर बुजवतात. भारतीय मानक आयएस १४६० मध्ये हिवाळी आणि उन्हाळी डिझेलसाठी म्हणूनच वेगवेगळ्या मर्यादा आहेत : गोठणबिंदू हिवाळ्यात जास्तीत जास्त ३ अंश, उन्हाळ्यात १५ अंश. दिल्लीत सफदरजंग वेधशाळेत १ जानेवारी २०२१ रोजी १.१ अंश तापमान नोंदले गेले, आणि आपल्याकडे निफाडलाही पारा पाच अंशांखाली जाणे नवे नाही. महिनोन्‌महिने पिंपात साठवलेले जुने डिझेल घालून थंडीत लांबचा प्रवास करू नये. लडाखसारख्या भागासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले. आपल्याला त्याची गरज नाही, पण त्या-त्या भागातील पंपावर टाकी भरून घेणे शहाणपणाचे.

हे मात्र करू नये

हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरयुक्त स्टार्टिंग स्प्रे कधीही मारू नये. ईथर डिझेलपेक्षा खूपच कमी तापमानाला पेटते. लालबुंद प्लगसमोर ते आले की पिस्टन वर येण्यापूर्वीच स्फोट होतो, रिंगा आणि पिस्टनचे काठ फुटतात, कधी हवेच्या नळीतून ज्वाला बाहेर येते आणि समोर वाकून पाहणाऱ्याचे तोंड भाजते. हवेच्या तोंडाशी डिझेलचा पेटता बोळा धरण्याची आपल्याकडची पद्धतही सोडून द्यावी. फिल्टरचा कागद पेटतो, आणि गाडीत कडबा किंवा कापूस भरलेला असेल तर पुढचे सांगायला नको. रेडिएटर आणि हेडभोवती कोमट पाणी ओतणे त्या मानाने निरुपद्रवी आहे. पाणी उकळते नसावे, थंड ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो. सेलही सलग दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये मिनिटभर थांबून हीटर पुन्हा द्यावा.

प्लग, वीज आणि डिझेल हे सर्व ठीक असूनही गाडी फक्त धक्का मारल्यावर किंवा उतारावर सुरू होत असेल, तर कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. त्यासाठी मीटर असलेले गॅरेज तालुक्याच्या गावी मिळते. रिंगा आणि व्हॉल्व्ह झिजलेल्या इंजिनात नवे प्लग एखादा हिवाळा निभावून नेतात. त्यात पैसे घालायचे की नाही, हा निर्णय गाडीचे उरलेले आयुष्य आणि नोंदणीची मुदत पाहून मालकाने घ्यावा.

जुनी गाडी विकत घेताना

राजधानी क्षेत्रातून आलेली गाडी पाहायला दुपारी जाऊ नये. विक्रेता आधीच इंजिन गरम करून ठेवतो आणि गरम इंजिनात वरीलपैकी बहुतेक दोष झाकले जातात. पहाटे जावे, बोनेट उघडून हेडवर तळहात ठेवावा. ते कोमट लागले तर व्यवहार दुसऱ्या दिवसावर ढकलावा. गार लागले तर स्वतः चावी हातात घेऊन हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबावे आणि एकाला सायलेन्सरमागे उभे करावे. पहिल्या दोन सेलांत इंजिन सुरू झाले आणि पांढरा धूर दहा-वीस सेकंदांत गेला तर ठीक. मिनिटभर अडखळत राहिले तर प्लगांची बल्बने चाचणी तेथेच करून घ्यावी. तिला पंधरा मिनिटे लागतात आणि किंमत ठरवताना तिचा उपयोग होतो. चारही प्लग चांगले निघूनही धूर तसाच राहिला तर दोष अधिक खर्चिक भागात आहे असे धरून बोलणी करावीत, किंवा परत फिरावे. ना हरकत प्रमाणपत्रावरील इंजिन आणि चेसिसचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी टॉर्चच्या उजेडात स्वतः ताडून पाहावेत आणि आपल्या जिल्ह्यातील परिवहन कार्यालयात त्या वयाच्या वाहनाची नोंदणी, कर व योग्यता प्रमाणपत्र यांची चौकशी पैसे देण्यापूर्वीच करावी.